सल्ला हवा: जॅझ सॅक्सोफोनवादकावर दोन तासांची श्रवणबैठक (सांगली)

कृष्णाकाठचा श्रोता (सांगली)

नमस्कार. विश्रामबाग परिसरात आमचा एक छोटा श्रवणगट आहे. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमायचे, एखाद्या कलावंताची ध्वनिमुद्रणे क्रमाने ऐकायची आणि अधूनमधून त्यांवर बोलायचे, एवढाच आमचा उपक्रम. गटातील बहुतेक मंडळी ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेली आहेत. मिरज जवळच असल्यामुळे अब्दुल करीम खाँसाहेबांचे नाव निघाले की काही जणांचा हात अजूनही आपोआप कानाच्या पाळीकडे जातो. अशा मंडळींपुढे या वेळी जॅझ ठेवायचे ठरले आहे आणि ते काम माझ्याकडे आले आहे.

सॅक्सोफोन हे वाद्य आमच्या लोकांना नवे नाही. वरातीच्या बँडमध्ये ते सर्वांनी ऐकले आहे, मनोहारी सिंग यांच्यामुळे हिंदी चित्रपटगीतांतून ते घरोघरी पोचले आहे, आणि कद्री गोपालनाथ यांनी त्यावर वाजवलेले कर्नाटक संगीतही काहींच्या संग्रहात आहे. अडचण वेगळीच आहे. जॅझमधला सॅक्सोफोन सुरू झाला की पहिली दोन मिनिटे सर्व जण कौतुकाने ऐकतात, आणि नंतर 'हा गृहस्थ नेमके काय करतो आहे' हे कळेनासे झाल्यामुळे गप्पा सुरू होतात.

त्यामुळे एकच वादक निवडून त्याची कारकीर्द आणि त्याच्यावरचे संस्कार या धाग्याने दोन तासांची बैठक बांधावी असा विचार आहे. चार्ली पार्कर, जॉन कोल्ट्रेन आणि सॉनी रोलिन्स यांच्याविषयी थोडेफार वाचले आहे, पण निवड होत नाही. कोणाला घ्यावे, त्याची कोणती ध्वनिमुद्रणे घ्यावीत, आणि आमच्या श्रोत्यांना ओळखीच्या शब्दांत काय सांगावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. सहा-सात ध्वनिमुद्रणांपेक्षा अधिक काही बसणार नाही. चहालाही वेळ ठेवावा लागतो.

अजिंक्यतारा (सातारा)

माझे मत सॉनी रोलिन्सला आहे, आणि त्याचे कारण आपल्या तक्रारीतच दडलेले आहे. वादक काय करतो आहे हे कळावे अशी आपली अपेक्षा असेल, तर ज्याच्या वादनातला विचार कानाने पावलोपावली पकडता येतो असा टेनर (म्हणजे मोठ्या, खालच्या पट्टीच्या) सॅक्सोफोनचा वादक रोलिन्सइतका दुसरा नाही. शिवाय त्याच्यावर ज्यांचे संस्कार झाले त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाबरोबर त्याने पुढे स्वतः वादन केले आणि त्यांतील बरेचसे ध्वनिमुद्रित झाले. त्यामुळे संस्कारांविषयी नुसते बोलावे लागत नाही, ते ऐकवता येतात.

त्याचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला आणि बालपण हार्लेममध्ये गेले. आईवडील मूळचे कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवरचे, त्यामुळे कॅलिप्सो हे त्याच्यासाठी घरातले संगीत होते. शाळेजवळच्या क्लबबाहेर लुई जॉर्डनचे सॅक्सोफोनसह झळकणारे छायाचित्र पाहून हे वाद्य त्याच्या मनात भरले. आधी आल्टो (टेनरहून लहान, वरच्या पट्टीचा) आणि मग १९४६ च्या सुमारास टेनर असा त्याचा प्रवास झाला. टेनरकडे वळण्यामागचे मोठे कारण म्हणजे टेनरवादक कोलमन हॉकिन्स. हॉकिन्स हार्लेममध्ये त्याच्याच भागात राहत असे आणि शाळकरी रोलिन्स त्याच्या स्वाक्षरीसाठी दारात वाट पाहत उभा राही. हॉकिन्सचे ११ ऑक्टोबर १९३९ चे 'बॉडी अँड सोल' हे जेमतेम तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण आपण बैठकीत सर्वांत आधी लावावे. त्यात मूळ गीताची चाल सुरुवातीच्या काही क्षणांपुरतीच ओळखू येते, नंतर हॉकिन्स त्या गीताच्या स्वरसंगतीवर (चालीखाली एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या क्रमावर) स्वतःचेच बोलत राहतो, आणि तरीही त्या काळात ते लोकांना अतोनात आवडले. भरदार, छातीतून येणारा आवाज आणि चालीला चिकटून न राहण्याचे धाडस या दोन गोष्टी रोलिन्सने तिथून उचलल्या.

दुसरा मोठा संस्कार चार्ली पार्करचा आणि तो केवळ सांगीतिक नाही. पार्करची गती, त्याचे तुटक आणि अनपेक्षित ठिकाणी संपणारे वाक्य, हे सर्व त्या पिढीतल्या प्रत्येक तरुणाने आत्मसात केले. दुर्दैवाने पार्करचे हेरॉइनही अनेकांनी उचलले. रोलिन्स त्यात सापडला. १९५० मध्ये सशस्त्र चोरीच्या प्रकरणात त्याला अटक झाली आणि रायकर्स बेटावरील तुरुंगात दहा महिने काढावे लागले. ३० जानेवारी १९५३ रोजी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका ध्वनिमुद्रणात पार्कर आणि रोलिन्स दोघेही टेनर वाजवत होते. (पार्कर एरवी आल्टो वाजवी.) त्या दिवशी पार्करने विचारल्यावर रोलिन्सने आपण व्यसनमुक्त असल्याचे खोटेच सांगितले आणि ते पार्करला नंतर कळले. आपल्या आदर्शाच्या चेहऱ्यावरची ती निराशा पाहून आपण सुधारायचे ठरवले, असे रोलिन्सने पुढे वारंवार सांगितले आहे. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात त्याने उपचार घेतले, पण तो बरा होऊन पार्करपुढे उभा राहण्याआधीच १२ मार्च १९५५ रोजी पार्करचे निधन झाले. ही हकिगत आपल्या मंडळींना सांगण्यास हरकत नसावी. गुरूपुढे खोटे बोलल्याचे ओझे आपल्याकडच्या श्रोत्यांना समजावून द्यावे लागणार नाही.

पियानोवादक थेलोनियस मंकच्या घरी रोलिन्स शाळकरी वयातच सरावाला जात असे. मंककडून त्याने जे घेतले ते आपल्या बैठकीसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे: मूळ धून वाजवून टाकून द्यायची नसते, तर तिच्यातलाच एखादा तुकडा धरून सर्व इमारत उभी करायची असते. इतर बरेच वादक धून संपली की तिच्याखालची स्वरसंगती पकडून वेगाने पुढे जात. रोलिन्स मात्र धुनेकडे पुन्हा पुन्हा परत येतो, तिचा तुकडा उलटा करतो, ताणतो, अर्धवट सोडतो आणि दोन आवर्तनांनंतर पूर्ण करतो.

हे ऐकवण्यासाठी 'सॅक्सोफोन कोलोसस' हा २२ जून १९५६ रोजी ध्वनिमुद्रित झालेला संच (अल्बम) घ्यावा. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रमवर मॅक्स रोच असे चौघेच आहेत. त्यातील 'सेंट थॉमस' ही रोलिन्सची आई लहानपणी गात असे त्या पारंपरिक चालीवर आधारलेली रचना आहे. तिचे एक आवर्तन सोळा मापांचे आहे, म्हणजे प्रत्येक मापाच्या चार मात्रा धरल्या तर चौसष्ट मात्रांचे. आपल्या श्रोत्यांना हे आवर्तन आधी हातावर मोजायला सांगा. रोलिन्स आपले एकलवादन अवघ्या दोन स्वरांच्या तुकड्याने सुरू करतो आणि कितीतरी वेळ त्याच दोन स्वरांची जागा, लांबी आणि वजन बदलत राहतो. मोजणी चुकली नाही तर तबल्याची सवय असलेला श्रोता इथे नक्की मान डोलावेल.

त्याच संचातील 'ब्लू सेव्हन' सव्वाअकरा मिनिटांचे आहे आणि ते बैठकीचा गाभा असावे. ही बारा मापांची, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांची ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेला प्रकार) रचना आहे. आरंभी केवळ बास संथपणे चालत येतो. मग रोलिन्स एक तुटक धून मांडतो, जिच्यात षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यात असते तसे अस्थिर अंतर केंद्रस्थानी आहे. त्यामुळे आधार कोणता मानावा हेच क्षणभर कळत नाही. पुढील सर्व वादन त्या धुनेच्या हाडांवर उभे आहे. संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी १९५८ मध्ये याच ध्वनिमुद्रणावर विस्तृत लेख लिहून जॅझमध्ये विषयाधारित विस्तार कसा होतो ते स्वरलेखनासह दाखवले. बडा ख्यालात मुखड्याला धरून होणारी बढत ज्यांना कळते त्यांना शुलरचा मुद्दा वेगळा शिकवावा लागू नये.

'मोरिटाट' हेही त्याच संचात आहे आणि त्याचा सांगलीत वेगळा उल्लेख व्हायला हवा. ते मूळ संगीतकार कुर्ट वाइलने जर्मन नाटककार ब्रेख्तच्या १९२८ च्या नाटकासाठी दिलेले गाणे. त्याच नाटकावरून पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केला. नाट्यपंढरीतल्या श्रोत्यांना एवढा धागा मिळाला की ते गाणे परके राहणार नाही.

ताराषड्ज (मिरज)

अजिंक्यतारा यांचे विवेचन आवडले, पण निवडीविषयी माझा मतभेद आहे. ख्यालावर वाढलेल्या श्रोत्यांपुढे जॅझ ठेवायचे असेल तर कोल्ट्रेनचा दावा मोठा आहे. त्याने १९६० मध्ये 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे गीत सोप्रानो सॅक्सोफोनवर वाजवले. सोप्रानोचा आवाज सनईच्या बराच जवळ जातो, आणि त्या वादनात पियानो दोनच स्वरसंगतींवर दीर्घकाळ घोळत राहत असल्यामुळे आपल्या कानाला तानपुऱ्यासारखा स्थिर आधार मिळतो. पंडित रविशंकरांविषयी त्याला असलेला आदर प्रसिद्धच आहे. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. ९ डिसेंबर १९६४ चे 'अ लव्ह सुप्रीम' तर भक्तिसंगीत म्हणूनच ऐकावे असे आहे.

आणखी एक सावधगिरी सुचवतो. बढतीशी केलेली तुलना उपयुक्त आहे, पण ती ताणली तर श्रोत्यांची दिशाभूल होईल. आपल्याकडे षड्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत जागचा हलत नाही आणि सर्व अर्थ त्याच्या संदर्भाने येतो. जॅझमध्ये तळाची स्वरसंगती मापागणिक बदलते. तोच एक स्वर या मापात विसावा वाटतो आणि पुढच्या मापात खटकतो. रोलिन्स जेव्हा एकाच तुकड्याला चिकटून राहतो तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकत असते, आणि त्याचे कौशल्य नेमके तिथे आहे. हे सांगितले नाही तर आमच्या मिरजेकडचा एखादा चोखंदळ श्रोता 'हा एकाच जागी का घुटमळतो' असे विचारल्याशिवाय राहणार नाही.

अजिंक्यतारा (सातारा)

सावधगिरीची सूचना पूर्णपणे मान्य. ती बैठकीच्या सुरुवातीलाच सांगावी.

कोल्ट्रेनविषयी मात्र माझे म्हणणे असे की त्याचे आणि आपल्या संगीताचे नाते जवळचे आहे म्हणूनच तो या बैठकीसाठी कमी सोयीचा आहे. श्रोते त्याच्यात राग शोधू लागतील, तो सापडला नाही की निराश होतील आणि सापडला असे वाटले की जॅझ ऐकायचे थांबतील. रोलिन्स आपल्याला अशी कोणतीही सवलत देत नाही. त्याचे विश्व ब्लूज, कॅलिप्सो आणि अमेरिकेतली चित्रपट-नाटकांतली गाणी यांचे आहे, आणि आपल्याला तिथेच जाऊन ऐकावे लागते.

दोघेही हवे असतील तर त्याची सोय आहे. २४ मे १९५६ रोजी रोलिन्स आणि कोल्ट्रेन यांनी 'टेनर मॅडनेस' एकत्र वाजवले. दोघांचे एकत्र असे तेवढेच स्टुडिओ-ध्वनिमुद्रण. सोबतचे तिघे त्या वेळी माइल्स डेव्हिसच्या ताफ्यातले होते. बारा मिनिटांच्या त्या ब्लूजमध्ये आधी कोल्ट्रेन वाजवतो, मग रोलिन्स, आणि शेवटी दोघे आळीपाळीने. कोल्ट्रेनचा आवाज अधिक टोकदार आणि वाक्ये अधीर. रोलिन्सचा आवाज गोल, बोलणे सावकाश आणि त्यात किंचित मिस्कीलपणा. नावे न सांगता लावा आणि दुसरा वादक कुठे सुरू झाला हे श्रोत्यांना ओळखू द्या.

पत्तीवाला (सांगली)

मी अनेक वर्षे बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवला आहे, त्यामुळे वाद्याच्या बाजूने थोडे लिहितो. आमच्या बँडमध्ये आल्टो असे, कारण वरातीच्या गोंगाटात ताशा-ट्रंपेटच्या वर आवाज निघावा लागतो आणि गाण्याची पट्टीही त्यावर सोयीची पडते. रोलिन्सचे वाद्य टेनर. ते आकाराने मोठे आणि खालच्या पट्टीचे, पुरुषाच्या आवाजाच्या जवळ जाणारे. दोन्हींत पितळी नळी असली तरी आवाज तयार होतो तो मुखाशी बांधलेल्या वेताच्या पत्तीतून, म्हणून सॅक्सोफोनची गणना ट्रंपेटच्या कुळात होत नाही, क्लॅरोनेटच्या कुळात होते. श्रोत्यांना एवढे सांगितले तरी ते आवाजाकडे वेगळ्या कानाने पाहतील.

टेनर खालच्या स्वरांत हळू वाजवणे फार कठीण असते. श्वास कमी पडला तर स्वर फाटतो आणि जास्त झाला तर भोंग्यासारखा ओरडतो. रोलिन्स त्या खालच्या भागात बोलल्यासारखा वाजवतो, आणि मग एकाच स्वराला जिभेने वेगवेगळे टोक देतो. काही ठिकाणी पत्तीवर जिभेचा नुसता फटका ऐकू येतो. हे सर्व लहान मोबाइलच्या स्पीकरवर हरवते. खालचे स्वर नीट देणारा स्पीकर आणावा, नाहीतर बास ऐकूच येणार नाही आणि मात्रा मोजायच्या सूचनेचा काही उपयोग होणार नाही.

माझी शिफारस 'वे आउट वेस्ट' या १९५७ च्या संचाची आहे. त्यात पियानोच नाही. रोलिन्सबरोबर बासवर रे ब्राउन आणि ड्रमवर शेली मॅन एवढेच. मुखपृष्ठावर रोलिन्स गुराख्याची टोपी घालून, हातात बंदुकीच्या जागी सॅक्सोफोन धरून उभा आहे. 'आय ॲम ॲन ओल्ड काउहँड' या अगदी थिल्लर म्हणता येईल अशा चित्रपटगीताचे त्याने काय केले आहे ते ऐकण्यासारखे आहे. आम्ही बँडवाले वरातीत तीच ती गाणी वाजवून कंटाळतो, तेव्हा क्षुल्लक गाण्यातही एवढे सापडू शकते हे ऐकून मला स्वतःला हुरूप आला होता. पियानो नसल्यामुळे सॅक्सोफोनभोवती मोकळी जागा राहते आणि नवख्या श्रोत्याला तो एकटा स्पष्ट ऐकू येतो. माझ्या मते हा संच 'सॅक्सोफोन कोलोसस'च्याही आधी लावावा.

कृष्णाकाठचा श्रोता (सांगली)

सर्वांचे आभार. रोलिन्स निश्चित करतो. पत्तीवाला काका, स्पीकरची व्यवस्था करतो. आणि शक्य असल्यास आपण बैठकीला वाद्य घेऊनच यावे, आल्टो असले तरी चालेल, पत्ती आणि मुख प्रत्यक्ष दाखवता येईल.

दोन शंका उरल्या आहेत. रोलिन्सने पुलावर जाऊन केलेल्या रियाझाची गोष्ट सर्वत्र वाचायला मिळते; ती कितपत खरी आणि तिचा संगीतावर परिणाम ऐकू येतो का? आणि १९६० नंतर रोलिन्सने जे वाजवले त्यातले काही घ्यावे की १९५६-५७ वरच थांबावे? एका परिचितांनी नंतरचे सर्व सोडून द्या असा सल्ला दिला आहे.

जुनी तबकडी (वाई)

पुलाची गोष्ट खरी आहे. १९५९ मध्ये रोलिन्स लोकप्रियतेच्या शिखरावर होता, आणि आपली तयारी आपल्या कीर्तीला पुरेशी नाही असे वाटल्यामुळे त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले. तो मॅनहॅटनच्या दक्षिण-पूर्व भागात लहान घरात राहत असे. शेजारी गरोदर बाई होती आणि तिला त्रास होऊ नये म्हणून घरात मोठ्याने वाजवणे त्याला प्रशस्त वाटेना. जवळच्या विल्यम्सबर्ग पुलावर पादचाऱ्यांचा मार्ग आहे, शेजारून आगगाड्या जातात, खाली नदीत बोटींचे भोंगे वाजतात. तिथे कितीही जोरात फुंकले तरी कोणी हरकत घेत नाही. १९६१ पर्यंत तो तिथे जात राहिला, कधी कधी दिवसाचे पंधरा तासही. आयर्विन पुलावर कोणी असा रोज उभा राहिला असता तर सांगलीकरांनी त्याची चौकशी केली असती आणि चहाही पाजला असता. न्यूयॉर्कमध्ये बराच काळ कोणाला पत्ता लागला नाही.

परत आल्यावर १९६२ च्या आरंभी त्याने 'द ब्रिज' ध्वनिमुद्रित केला. पियानोऐवजी जिम हॉलची गिटार घेतली. त्या दोन वर्षांत ऑर्नेट कोलमनसारख्या वादकांनी जॅझची चौकटच मोडायला घेतली होती, त्यामुळे रोलिन्स काहीतरी स्फोटक घेऊन येईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्याने जुनीच गीते अधिक सफाईने आणि अधिक मोकळ्या जागा ठेवून वाजवली. काहींची निराशा झाली. मला मात्र त्यातला 'विदाउट अ साँग' हा त्या रियाझाचा खरा पुरावा वाटतो: स्वर लांबवला तरी तो जराही डळमळत नाही, आणि एक वाक्य संपल्यावर पुढचे सुरू करण्याची कोणतीही घाई नाही. स्फोटक पाहिजे असेल तर त्याच वर्षी ऑर्नेट कोलमनचा सहकारी डॉन चेरी याला घेऊन केलेले 'अवर मॅन इन जॅझ' आहे, पण ते पहिल्या बैठकीत लावू नये.

१९६३ मध्ये त्याने बालपणीच्या दैवताबरोबर, कोलमन हॉकिन्सबरोबर, 'सॉनी मीट्स हॉक' केले. गंमत अशी की हॉकिन्स आपल्या भरदार शैलीत निवांत वाजवतो आणि रोलिन्स मुद्दाम विचित्र, चिरके, तुटक आवाज काढत राहतो. काहींना ते उद्धट वाटते. मला वाटते की गुरूसमोर गुरूसारखेच वाजवण्यात अर्थ नाही हे त्याने ओळखले होते आणि हॉकिन्सलाही ते खटकलेले दिसत नाही. बैठकीत 'बॉडी अँड सोल'नंतर शेवटाकडे यातला एखादा तुकडा लावलात तर संस्कार म्हणजे काय, यावर चांगली चर्चा होईल.

नंतरचे सर्व सोडून द्या हा सल्ला मला अर्धाच पटतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस रोलिन्स पुन्हा संगीतापासून दूर गेला, त्या काळात भारतात आला आणि मुंबईत पवईच्या आश्रमात राहून योग आणि वेदान्ताचा अभ्यास केला. त्यातून त्याच्या वादनात राग वगैरे काही आले नाही, आणि ते शोधूही नये. तो गेला होता तो मनाच्या शिस्तीसाठी. १९७२ पासून तो पुन्हा नियमित ध्वनिमुद्रणे करू लागला. त्या काळातल्या स्टुडिओतल्या संचांचा दर्जा खरोखरच असमान आहे. विजेवरची बास आणि त्या काळच्या नृत्यसंगीताची लय यांत सॅक्सोफोन हरवतो. पण मंचावर तो वेगळाच माणूस असे. १९७८ मध्ये मुंबईला पहिली जॅझ यात्रा (जॅझ महोत्सव) झाली तेव्हा तो तिथे वाजवून गेला, आणि त्याच वर्षी सॅनफ्रान्सिस्कोत प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झालेले त्याचे 'ऑटम नॉक्टर्न' मिळवून ऐकावे. आरंभी साथीशिवाय कितीतरी मिनिटे तो एकटाच वाजवतो: एखादे विनोदी गीत, एखादे भजनासारखे काही, मध्येच कॅलिप्सोचा तुकडा, सर्व आठवणी एकात एक गुंतवून, आणि मग अलगद मूळ गीतावर उतरतो. त्याच्यावरचे सर्व संस्कार एका दमात ऐकायचे असतील तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या वेळी तो त्या जुळ्या मनोऱ्यांपासून काही गल्ल्यांवर राहत होता आणि सॅक्सोफोन घेऊन घराबाहेर पडला. चारच दिवसांनी, पत्नी लुसिल हिच्या आग्रहाने, त्याने बॉस्टनमध्ये ठरलेली मैफल केली; तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता. ती ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध आहे. २०१२ नंतर फुप्फुसांच्या विकारामुळे त्याला वादन थांबवावे लागले.

ताराषड्ज (मिरज)

माझा कोल्ट्रेन हरला, पण 'टेनर मॅडनेस'मध्ये तरी येतो आहे हे समाधान आहे.

एक भर घालतो. रोलिन्सची 'ओलिओ' ही रचना अमेरिकी संगीतकार गर्श्विनच्या १९३० च्या 'आय गॉट रिदम' या गाण्याच्या स्वरसंगतीवर बांधलेली आहे: तळ जुना, वरची धून नवी. आपल्याकडे किर्लोस्करांपासून नाटककारांनी जुन्या चालींवर नवी पदे रचली. इथे चाल टाकून दिली आहे आणि तिच्या खालचा सांगाडा ठेवला आहे. आपल्या नाट्यसंगीतप्रेमी मंडळींना आधी गर्श्विनचे गाणे आणि मग 'ओलिओ' असे पाठोपाठ ऐकवले तर जॅझवादक 'काय धरून' वाजवतात हा मूळ प्रश्न बराचसा सुटेल. 'ओलिओ' २९ जून १९५४ रोजी माइल्स डेव्हिसबरोबर पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली. त्यात रोलिन्स स्वतः आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

आता क्रम सुचवतो. प्रारंभी 'बॉडी अँड सोल', लगेच पत्तीवाला यांच्या म्हणण्याप्रमाणे 'ओल्ड काउहँड', म्हणजे जुना टेनर आणि नवा टेनर यांतले अंतर कळेल आणि वातावरण सैल होईल. मग गर्श्विन आणि 'ओलिओ' पाठोपाठ, पण थोडक्यात. त्यानंतर मात्रा मोजत 'सेंट थॉमस'. चहापूर्वी 'टेनर मॅडनेस' ठेवा. चहाच्या वेळी कोणता वादक कोण यावर वाद होऊ द्या. चहानंतर 'ब्लू सेव्हन' पूर्ण, मध्ये एक शब्दही न बोलता. त्यानंतर पुलाची गोष्ट सांगून 'विदाउट अ साँग', आणि अखेरीस 'ऑटम नॉक्टर्न'. 'मोरिटाट' आणि हॉकिन्सबरोबरचे ध्वनिमुद्रण वेळ उरला तरच घ्या. माझा अंदाज आहे की तो उरणार नाही.

एक माहिती 'सेंट थॉमस'च्या वेळी सांगितली तर योग्य ठरेल. ते ध्वनिमुद्रण झाले तेव्हा रोलिन्स आणि मॅक्स रोच हे दोघेही ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउनच्या पंचकात होते. ब्राउन हा व्यसनांपासून पूर्णपणे दूर राहणारा तरुण, आणि उपचारांनंतरच्या त्या नाजूक काळात रोलिन्ससाठी तो मोठा आधार होता. 'सॅक्सोफोन कोलोसस' झाल्यावर चारच दिवसांनी, २६ जून १९५६ रोजी, पंचविसाव्या वर्षी तो मोटार अपघातात गेला. त्याच अपघातात पंचकाचा पियानोवादक रिची पॉवेलही गेला.

पत्तीवाला (सांगली)

बैठकीला येतो. आल्टो माझा आहे. टेनर मिरजेतल्या एका स्नेह्यांकडून मिळतो का पाहतो. तारीख आणि पत्ता कृपया निरोपातून कळवावा, इथे लिहू नये.